इंजिन पाहिले, काम दिसले का?

लंडनच्या पश्चिम भागात क्यू ब्रिज येथे एक जुने पंपघर आहे. १९७५ साली त्याचे संग्रहालय झाले. एक दिवस काढून आम्ही ते पाहून आलो. मोठी इंजिने जिथे राबली तिथेच उभी आहेत, ही त्याची मोठी जमेची बाजू. १८४६ सालच्या कॉर्निश इंजिनाच्या सिलिंडरचा व्यास ९० इंच, म्हणजे जवळजवळ २.३ मीटर! माणूस आ वासून बघत राहतो, आणि अडचण इथेच सुरू होते.

वाफ दट्ट्याला ढकलते आणि दट्ट्या पाण्याला, असे आम्ही सर्वांनी (विज्ञानातल्या पदव्या असूनही) गृहीत धरले होते. प्रत्यक्षात वाफेने दट्ट्या खाली जातो तेव्हा तुळईच्या दुसऱ्या टोकाचे अवजड वजन वर उचलले जाते. मग एक झडप उघडते, दट्ट्याच्या दोन्ही बाजूंचा दाब सारखा होतो आणि ते वजन स्वतःच्या भाराने खाली येताना पाणी ढकलते. पंप चालवते ते गुरुत्वाकर्षण!

वापरलेली वाफ थंड करणारा वेगळा कंडेन्सर, ज्याचे पेटंट वॉटने १७६९ साली घेतले, तोही असाच दुर्लक्षित राहतो. सिलिंडर गरमच राहिल्याने कोळसा वाचला तो त्याच्यामुळे. पण फोटो निघतात ते तुळईचे.

आमच्या मते सहलीआधी वर्गात एक काठी, दोरी आणि दगड घेऊन हा खेळ करावा. आम्हाला तो परतताना आगगाडीत, तिकिटाच्या पाठीवर चित्र काढून सोडवावा लागला.