ताण आणि विकृती

आपल्या समीक्षेत 'ताण' हा शब्द फार स्वस्त झाला आहे. कवितेत ताण आहे म्हटले की ती सरस, नाही म्हटले की सपक. हा ताण कोणावर पडला आणि त्याने काय घडले, हे विचारण्याची तसदी सहसा घेतली जात नाही.

भौतिकशास्त्राने ती घेतली आहे. भाराखाली पदार्थाच्या आत जो प्रतिकार उभा राहतो ते प्रतिबल. मूळ आकारात जो बदल होतो ती विकृती. (साहित्यिकाच्या कानाला हा शब्द खटकेल, पण येथे त्यात निंदा नाही.) भार आणि लांबवणूक एकमेकांच्या प्रमाणात वाढतात, हे रॉबर्ट हूकने १६७८ साली मांडले. मात्र त्याला मर्यादा आहे. साध्या पोलादाची मीटरभर सळई सुमारे सव्वा मिलिमीटर ताणली, तर भार निघताच ती पूर्ववत होते. त्यापुढे ताणली की थोडी लांबलेलीच राहते.

वैद्यकात हा भेद पुसट झाला. हान्स सेल्ये यांनी १९३६ साली निरनिराळ्या आघातांना शरीर देत असलेली एकसारखी प्रतिक्रिया वर्णिली आणि पुढे तिला 'स्ट्रेस' म्हटले. मग कारणासाठी 'स्ट्रेसर' हा निराळा शब्द घडवावा लागला. मराठीत तर दोन्ही ताणच!

फादर थॉमस स्टीफन्स यांच्या 'ख्रिस्तपुराणा'विषयी (१६१६) बोलताना हाच घोटाळा होतो. ओवीचा देशी बाज आणि बायबलचा आशय यांतील ताणाची आपण वाखाणणी करतो. म्हणजे केवळ भार मोजतो. भाराखाली शब्दाचे काय झाले? स्वर्गाला स्टीफन्स 'वैकुंठ' म्हणतात. विष्णूच्या धामाचे हे नाव ख्रिस्ती अर्थ पेलते, कारण भोवतीची सारी कथा त्याला धरून ठेवते. ओवीही मुळात सैल. तीन चरण यमकाने बांधून चौथा आखूड सोडणारी. तिला हे ओझे जड गेले नाही. पण आज आपल्या प्रार्थनेत 'स्वर्ग' आहे. भार निघाला आणि 'वैकुंठ' वारकऱ्यांच्या घरी जसाच्या तसा परतला. ख्रिस्तपुराणाचे हे यश मानणाऱ्यांशी माझा मतभेद आहे. काचही फुटेपर्यंत जवळजवळ पूर्ण स्थितिस्थापक असते. तिच्यावर ठोकून घडण करता येत नाही. पोलाद घडते ते कायमची विकृती स्वीकारते म्हणून.

'तारण' हा तसा घडलेला शब्द. तो स्टीफन्सचा एकट्याचा नव्हे. पिढ्यान्‌पिढ्यांच्या धर्मशिक्षणाने आणि उपासनेने त्याला वाकवले आणि तो आपल्यापुरता वाकलेलाच राहिला. पतपेढीच्या अर्जात 'तारण' या रकान्यापुढे आपण जमिनीचा सर्व्हे नंबर लिहितो. रविवारी मिस्सेत तोच शब्द उच्चारताना गहाणखत कोणालाही आठवत नाही.