वर्गातला गोंगाट आणि गिजुभाईंचे ‘दिवास्वप्न’

शाळेतील दंगेखोर मुलाविषयी आपल्याकडे बहुधा दोनच मते ऐकू येतात. मूल मुळातच वांड आहे, हे एक. आणि मास्तरांचा धाक उरला नाही, हे दुसरे. दोन्ही मते मांडणारी माणसे एकमेकांशी तावातावाने भांडतात. परंतु मुलाने दंगा का केला, हा प्रश्न दोघांपैकी एकालाही पडत नाही. तो प्रश्न ज्या थोड्या पुस्तकांनी मनापासून विचारला, त्यांत गिजुभाई बधेका यांच्या ‘दिवास्वप्न’ या छोटेखानी गुजराती पुस्तकाचे स्थान वरचे आहे.

गिजुभाई मूळचे वकील. १९१६ साली वकिली बाजूस सारून ते भावनगरच्या दक्षिणामूर्ती या संस्थेत दाखल झाले, आणि १९२० साली तेथे बालमंदिर उभे राहिले. दक्षिणामूर्ती म्हणजे वटवृक्षाखाली बसून मौनाने शिष्यांचे संशय फेडणारे शिवाचे गुरुरूप, हे आमच्या वाचकांस सांगावयास नकोच. गंमत अशी की, त्या मौनी गुरूच्या नावाच्या संस्थेत वाढलेल्या या पुस्तकाची खरी सुरुवात होते ती कान किटवणाऱ्या गोंगाटाने.

कथानक साधे आहे. नव्या शिक्षणपद्धतीने भारलेला एक गृहस्थ शिक्षणाधिकाऱ्याकडे जाऊन प्रयोगासाठी प्राथमिक शाळेचा एक वर्ग मागून घेतो. अधिकारी त्याला चौथीचा वर्ग देतो, पण वर्षअखेरीस परीक्षा होणार ही अट घालूनच. पहिल्या दिवशी हा शिक्षक मोठ्या उत्साहाने शांततेचा खेळ मांडतो. मुलांनी स्तब्ध बसावे, बारीकसारीक आवाज ऐकावे, अशी त्याची कल्पना. मुले काय करतात? कोणी चित्रविचित्र आवाज काढतो, कोणी पाय आपटतो, कोणी टाळ्या पिटतो, आणि सारा वर्ग हसण्यात बुडून जातो. बिचाऱ्याची योजना पहिल्याच तासाला धुळीस मिळते.

या प्रसंगी सामान्य शिक्षक छडी शोधता. गिजुभाईंचा शिक्षक स्वतःची योजना तपासतो. ज्या मुलांनी शाळेत आजवर दरडावण्याखेरीज काही ऐकले नाही, त्यांना अनोळखी माणसाने एकाएकी शांततेची गोडी लावू पाहावी, हेच मुळी उफराटे होते, हे त्याच्या ध्यानी येते. मुलांचा दंगा हा त्याच्या प्रश्नाला मिळालेला उत्तराचा एक प्रकार होता. माझ्या मते साऱ्या पुस्तकाचे मर्म या एका वळणात आहे. गिजुभाईंनी आपल्या नायकाला प्रथम तोंडघशी पाडले, म्हणून पुढील यशावर आपला विश्वास बसतो.

दुसऱ्या दिवशी तो गोष्ट सांगू लागतो, आणि तोच वर्ग चिडीचूप होतो. ज्यांनी गोमंतकातील देवळांच्या सभामंडपात कीर्तन ऐकले आहे, त्यांना याचे नवल वाटणार नाही. पूर्वरंगात खांबाआड पकडापकडी खेळणारी पोरे उत्तररंगातले आख्यान सुरू होताच हरदासासमोर येऊन बसतात. त्यांना कोणी दटावावे लागत नाही. तथापि गोष्ट ही लाच नव्हे, हे गिजुभाई बजावतात. गोष्टीने ऐकण्याची सवय लागते, शिक्षकाशी सख्य जडते, आणि त्या सख्याच्या बळावर पुढे वाचन, स्वच्छता, व्याकरण, नाटके ही सारी येतात. सोबतचे शिक्षक कुत्सितपणे हसतात, तेही लेखकाने लपविले नाही. खेळातही भांडणे होतात, पालकांची सभा जवळजवळ ओस पडते. हे सारे खरे वाटते.

आता उणीव. पुस्तकात वर्ग दिसतो, पण वर्गातला एखादा एकटा मुलगा फारसा दिसत नाही. गोष्टीने चाळीस मुले वश होतील, एकेचाळिसाव्याचे काय? दृष्टी अधू असल्याने ज्याला फळ्यावरचे अक्षरच लागत नाही, ज्याला अर्धवट ऐकू येते, जो घरून उपाशी किंवा मार खाऊन येतो, किंवा ज्याच्यापुढे अक्षरे काही केल्या जुळून येत नाहीत, असा मुलगा वाचनाची पाळी जवळ आली की शेजाऱ्याला चिमटा काढतो. चारचौघांत ‘ढ’ ठरण्यापेक्षा ‘व्रात्य’ ठरणे त्याला परवडते. शिक्षक त्याला वर्गाबाहेर उभे करतात. म्हणजे त्याला जे हवे होते तेच मिळाले! दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच, आणि शिक्षक म्हणतात, शिक्षा करूनही सुधारत नाही. दंग्याच्या आधी काय घडले आणि दंग्याने त्याला काय मिळाले, एवढे दोन प्रश्न आठवडाभर टिपून ठेवले तरी पुष्कळ उलगडा होतो. ‘दिवास्वप्न’मधील शिक्षक इतका बारकाईने एका मुलामागे जात नाही. शिवाय त्याच्या पाठीशी अधिकारी उभा आहे; ते भाग्य किती शिक्षकांना लाभते?

हा केवळ ग्रंथदोष नाही. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याच्या १७ व्या कलमाने शारीरिक शिक्षेला आणि मानसिक छळालाही मनाई केली, व तो कायदा १ एप्रिल २०१० पासून अमलात आहे. छडी कायद्याने गेली. पण तिच्या जागी काय आणावे हे शिक्षकाला कोणी नीट शिकविले नाही. मग टोमणे येतात, पालकांना बोलावून सर्वांदेखत होणारा पाणउतारा येतो. जुन्या पिढीतील पुष्कळ सज्जन अजूनही छडीच्या आठवणीने गहिवरतात. त्या छडीने ज्यांची शाळा कायमची सुटली, ते आठवणी लिहीत नाहीत, एवढेच.

गिजुभाई १९३९ साली निवर्तले. त्यांच्यासह भावनगरला काम केलेल्या ताराबाई मोडक या आपल्या मराठी विदुषीने पुढे बोर्डीस व १९५७ पासून कोसबाडच्या टेकडीवर अनुताई वाघ यांच्या साथीने आदिवासी मुलांसाठी शाळा मांडली. तेथे प्रश्न दंग्याचा नव्हता. मुले येतच नव्हती. त्यांना आळशी ठरविणे सोपे होते. ताराबाईंनी कारण पाहिले. धाकटी मुले पाड्यावरून हलू शकत नव्हती, म्हणून शाळा त्यांच्या अंगणात नेली, ती अंगणवाडी. मोठी मुले गुरांमागे जात, म्हणून शाळा गुरांमागोमाग चरणीच्या रानात गेली, ती कुरणशाळा. ‘दिवास्वप्न’ मिटल्यावर पुढचे प्रकरण हवेसे वाटेल त्यांनी कोसबाडची हकीगत मिळवून वाचावी.