वारसा आणि भिंत

मुंबई सेंट्रल स्थानकाची (१९३०) वास्तुरचना ‘ग्रेगसन, बॅटली अँड किंग’ या ख्यातनाम संस्थेचे क्लॉड बॅटली यांची. जे. जे.तील विद्यार्थ्यांकडून ते प्राचीन भारतीय वास्तूंची मोजमापे घेऊन आरेखने करवून घेत. वास्तू इथल्या हवामानातून व परंपरेतून घडावी, ही त्यांची शिकवण आदरणीय आहे; पण तिला मराठवाड्याची पुस्ती जोडावी लागते. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारी परिसरात मातीत रचलेल्या जाड दगडी भिंती आणि वरची माळवदे निजलेल्या माणसांवर कोसळली. उन्हाळ्यात गारवा देणाऱ्या त्या भिंतीही परंपरेच्याच होत्या. दोन्ही अंगे जोडणारे लांब दगड मात्र त्यांत बहुधा नसत. म्हणून वारसा केवळ मोजून भागत नाही, पारखूनही घ्यावा लागतो. निजलेल्या लेकराला जे राखत नाही, ते घर सुंदर कसे म्हणावे?