शेजारच्या खुर्चीची कसोटी

वसईच्या वाडीतले असो की अहमदनगरच्या मिशन-आवारातले, कोणत्याही ख्रिस्ती घरात एखादा चित्रपट सहकुटुंब पाहण्याचा बेत ठरू लागला, म्हणजे घरातील वडीलधारे माणूस प्रथम जो प्रश्न विचारते, तो ‘चित्रपट चांगला आहे का?’ हा नसतो. ‘त्यात तसले काही नाही ना?’ हा असतो. त्या ‘तसले’ या एका शब्दात शिवीगाळ, मद्यपान, अंगप्रदर्शन, रक्तपात असा सारा निषिद्ध माल भरलेला असतो, आणि त्याची यादी वाचून दाखवण्याची गरज कोणालाच भासत नाही. परंतु चित्रपट धार्मिक असला, त्याच्या जाहिरातीवर क्रूस किंवा काट्यांचा मुकुट झळकला, की हा प्रश्नसुद्धा कोणी विचारीत नाही. विषयाच्या पावित्र्यातच जणू योग्यतेचा दाखला मिळून जातो. हा दाखला कितपत खरा मानावा, आणि तो द्यावयाचा झाल्यास कोणत्या कसोटीवर द्यावा, याचा विचार करण्याची वेळ आता आली आहे. कारण श्रद्धेवर आधारलेल्या चित्रपटांचा अमेरिकेत एक स्वतंत्र धंदाच उभा राहिला असून त्याचा माल आपल्या घरातील पडद्यापर्यंत विनासायास येऊन पोहोचतो.

विषयाचे पावित्र्य कृतीच्या पावित्र्याची हमी देत नाही, हे सेसिल डी मिल या दिग्दर्शकाने फार पूर्वीच सिद्ध करून ठेवले आहे. १९२७ सालचा त्याचा ‘द किंग ऑफ किंग्ज’ हा मूकपट प्रभूच्या चरित्राचा. पण त्याचा आरंभ होतो तो मग्दालिया मरियेच्या विलासी मेजवानीने आणि तिच्यासाठी जुंपल्या जाणाऱ्या झेब्र्यांच्या रथाने. पाच वर्षांनी आलेल्या ‘द साइन ऑफ द क्रॉस’ या बोलपटात नीरोच्या रोममधील आद्य ख्रिस्ती लोकांच्या छळाची कथा होती. तथापि प्रेक्षकांच्या स्मरणात राहिले ते गाढविणीच्या दुधाने भरलेल्या हौदात सम्राज्ञी पॉपियाने केलेले स्नान आणि रिंगणातील क्रौर्याचे तपशीलवार प्रदर्शन. शेवटी हुतात्मे रिंगणाकडे चालू लागले म्हणजे आधी डोळ्यांनी उपभोगलेल्या सर्व गोष्टींचे जणू प्रायश्चित्त घडते, आणि प्रेक्षक भोग व वैराग्य या दोहोंचे समाधान एकाच तिकिटात पदरी पाडून घरी जातो. या युक्तीने जो संताप उसळला, त्याचा पुढील निर्बंधांना मोठाच हातभार लागला.

ते निर्बंध मुख्यतः कॅथलिक मंडळींच्या पुढाकाराने आले. मार्टिन क्विग्ली हा प्रकाशक आणि डॅनिएल लॉर्ड हा येशूसंघीय धर्मगुरू यांनी रचलेली आचारसंहिता हॉलिवूडने १९३० साली कागदोपत्री स्वीकारली खरी, परंतु तिचा कडक अंमल सुरू झाला तो १९३४ पासून, जेव्हा ‘लीजन ऑफ डीसेन्सी’ या संघटनेच्या आवाहनावरून लक्षावधी भाविकांनी अनुचित चित्रपट न पाहण्याची शपथ घेतली आणि निर्मात्यांच्या गल्ल्याला धक्का बसण्याची चिन्हे दिसू लागली. ही संघटना प्रत्येक चित्रपटाला ‘ए’, ‘बी’ किंवा ‘सी’ असा दर्जा देई. पहिला निर्दोष, दुसरा अंशतः आक्षेपार्ह, तिसरा सर्वस्वी निषिद्ध. १९३६ च्या जून महिन्यात पोप अकरावे पायस यांनी आपल्या परिपत्रकात या उपक्रमाची प्रशंसा केली आणि देशोदेशी असेच परीक्षणाचे दप्तर असावे, अशी शिफारस केली. बाजाराला नीतीची दखल घ्यावयास लावणे ही गोष्ट सामान्य नव्हती, आणि तिचे श्रेय त्या काळच्या मंडळींना मोकळ्या मनाने दिले पाहिजे.

परंतु दोषांची अनुपस्थिती मोजणारी पद्धत गुणांच्या उपस्थितीविषयी मुकी राहते, ही तिची उपजत उणीव होती. रोबेर्तो रोसेलिनी या इटालियन दिग्दर्शकाचा ‘द मिरॅकल’ हा १९४८ सालचा लघुपट, ज्यात फसवली गेलेली एक भोळी मेंढपाळ स्त्री आपल्या पोटातील मूल ईश्वरी कृपेचे आहे असे समजते, तो या संघटनेने निषिद्ध ठरवला. प्रकरण अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले आणि धर्मविटंबना हे चित्रपटावरील मनाईचे कारण होऊ शकत नाही, असा निर्णय १९५२ मध्ये लागला. त्याच रोसेलिनीने १९५० साली संत फ्रान्सिस आणि त्याचे सोबती यांच्यावर केलेला चित्रपट, पुढे १९९५ मध्ये चित्रपटकलेच्या शताब्दीनिमित्त व्हॅटिकनने धर्म, मूल्ये आणि कला अशा तीन सदरांत निवडलेल्या पंचेचाळीस चित्रपटांत सन्मानाने समाविष्ट झाला. त्याच यादीच्या मूल्यांच्या सदरात ॲटनबरोचा ‘गांधी’ही आहे. काय पाहू नये हे सांगणाऱ्या यादीपासून काय पाहण्याजोगे आहे हे सांगणाऱ्या यादीपर्यंत यावयास ख्रिस्तसभेला जवळजवळ साठ वर्षे लागली. आपल्या घरांनी मात्र तो प्रवास अद्याप पुरा केलेला नाही.

याचे कारण असे की जुन्या पद्धतीचा पंचनामा आजही चालू आहे. अमेरिकेतील अनेक ख्रिस्ती परीक्षणसंस्था चित्रपटातील अपशब्द, मद्याचे प्रसंग आणि हाणामारी यांची तपशीलवार नोंद पालकांपुढे ठेवतात. लहान मुले घरात असताना हा तपशील उपयोगी पडतो, यात शंका नाही. आपल्याकडील प्रमाणपत्रांतही ‘यूए’ या वर्गाचे आता सात, तेरा आणि सोळा वर्षे असे तीन टप्पे केले गेले आहेत, आणि वयाचा हा विवेक शहाणपणाचाच आहे. अडचण उद्भवते ती पंचनामा हाच निकाल समजला जातो तेव्हा. जॉर्जिया राज्यातील ऑल्बनी गावच्या एका बाप्टिस्ट मंडळीच्या आश्रयाने केन्ड्रिक बंधूंनी काढलेला ‘फेसिंग द जायंट्स’ हा २००६ सालचा चित्रपट या पंचनाम्यात जवळजवळ निष्कलंक उतरेल. सुमारे एक लाख डॉलर्समध्ये, हौशी नटांना हाताशी धरून तो तयार झाला, आणि त्यातील तळमळ खरी आहे. पण त्याची कथा पाहा: सतत हरणाऱ्या फुटबॉल-संघाचा प्रशिक्षक, मूल होत नाही म्हणून दुःखी असलेली पत्नी, पदोपदी बंद पडणारी मोटार, प्रशिक्षक देवाला शरण जातो, आणि संघ अजिंक्यपद पटकावतो, पत्नीला दिवस जातात, दारात नवी गाडी उभी राहते. ज्या मुलाच्या वडिलांची नोकरी गेली आहे, किंवा ज्याची आई आजारातून उठत नाही, त्याने हा चित्रपट पाहून कोणता निष्कर्ष काढावा? आपल्या घरची प्रार्थना कमी पडली, हाच ना? ईयोबाच्या मित्रांनी नेमके हेच त्याला सुनावले होते, आणि पवित्र शास्त्रात देवाने ठपका ठेवला तो त्या मित्रांवर.

न्यायबुद्धीने हेही सांगितले पाहिजे की त्याच बंधूंनी पुढे अधिक प्रौढ कामे केली. ‘फायरप्रूफ’ या २००८ च्या चित्रपटात मोडकळीस आलेला संसार आणि नवऱ्याचे अश्लील चित्रांचे व्यसन या गोष्टी त्यांनी झाकून ठेवल्या नाहीत. ‘करेजस’ या २०११ च्या चित्रपटात एका बापाची मुलगी अपघातात दगावते आणि कोणतीही प्रार्थना तिला परत आणीत नाही. श्रद्धेला किंमत मोजावी लागते, हे जेथे दिसते तेथे या साध्या चित्रपटांनाही वजन येते. ‘संत तुकाराम’ पाहिलेल्या मराठी प्रेक्षकाला हे वेगळे सांगावयास नको. प्रभातच्या त्या १९३६ च्या चित्रपटात तुकोबांची भक्ती आपल्याला पटते, याचे निम्मे श्रेय त्रागा करणाऱ्या जिजाईला आणि घरातील उपासमारीला आहे.

याहून गंभीर दोष, जो कोणत्याही पंचनाम्यात नोंदला जात नाही, तो ‘गॉड्स नॉट डेड’ या २०१४ च्या चित्रपटात आढळतो. सुमारे वीस लाख डॉलर्स खर्चून काढलेल्या या चित्रपटाने सहा कोटींच्या आसपास उत्पन्न मिळवले, त्यावरून त्याचा प्रसार कळावा. त्यातील तत्त्वज्ञानाचा प्राध्यापक पहिल्याच तासाला विद्यार्थ्यांकडून ‘देव मेला आहे’ असे लिहून सही घेऊ पाहतो. एक मुसलमान बाप ख्रिस्ताकडे वळलेल्या मुलीला मारहाण करून घराबाहेर काढतो. नास्तिक जितके भेटतात तितके अप्पलपोटे किंवा मनातून दुखावलेले. शिवी एकही नाही, अंगप्रदर्शन नाही; आणि तरीही शेजाऱ्याविरुद्ध खोटी साक्ष देऊ नये, ही जी आज्ञा कॅथलिक परंपरेत आठवी आणि बहुतेक प्रोटेस्टंट परंपरांत नववी मोजली जाते, तिचा भंग दोन तास चालू राहतो. मूल शिवी विसरून जाईल. पण आपल्या घराबाहेरचे सारे जग द्वेष्ट्यांनी भरले आहे, हा ग्रह सहजासहजी पुसला जाणार नाही.

दुसऱ्या टोकाला मेल गिब्सनचा ‘द पॅशन ऑफ द ख्राइस्ट’ उभा आहे. २००४ साली अमेरिकेत त्याला ‘आर’ हे, म्हणजे सतरा वर्षांखालील मुलांना पालकांवाचून प्रवेश न देणारे, प्रमाणपत्र मिळाले होते. तरी मंडळ्यांच्या मंडळ्या मुलांना घेऊन त्याला गेल्या. शुभवर्तमानकारांनी मोजक्या शब्दांत उरकलेले फटक्यांचे वर्णन गिब्सनने इतके लांबवले आहे की, दुःखसहनाचा अर्थ मागे पडतो आणि शरीराची विटंबना तेवढी उरते. पुढील वर्षी त्याने काही मिनिटे कापून सौम्य आवृत्ती काढली, यातच एक कबुली आहे. उलट, पिएर पावलो पासोलिनी या नास्तिक आणि मार्क्सवादी कवीने १९६४ मध्ये मत्तयकृत शुभवर्तमानावर चित्रपट काढला तेव्हा संवाद त्या ग्रंथातलेच ठेवले, धंदेवाईक नट घेतले नाहीत, दक्षिण इटलीतील मातेराच्या दरिद्री वस्तीत चित्रण केले, वृद्ध मरियेच्या भूमिकेत आपल्या आईला उभे केले आणि चित्रपट पोप तेविसावे जॉन यांच्या स्मृतीस अर्पण केला. त्यातही क्रूस आहे, वेदना आहे. पण कॅमेरा आदराने अंतर राखून उभा राहतो. बारा-तेरा वर्षांच्या मुलाला शेजारी घेऊन कोणता पाहावा, याचा निर्णय निर्मात्याच्या श्रद्धेवरून केला असता तर चुकलाच असता.

येथे मला जी कसोटी सुचवावयाची आहे ती अगदी घरगुती आहे. चित्रपट पाहताना आपल्या शेजारची एक खुर्ची मोकळी ठेवावी आणि तीत आपला परधर्मी शेजारी, मुलाचा मित्र, समोरच्या बिऱ्हाडातील आजी बसली आहे, अशी कल्पना करावी. तिच्या उपस्थितीत आपल्याला खाली मान घालावी लागेल काय, हे स्वतःला विचारावे. ‘गॉड्स नॉट डेड’ पाहताना ती घालावी लागते. झावियर बोव्हुआच्या ‘ऑफ गॉड्स अँड मेन’ या २०१० च्या फ्रेंच चित्रपटात, १९९६ साली अल्जिरियात अपहरण होऊन मारल्या गेलेल्या सात मठवासी बंधूंची कथा असूनही, ती घालावी लागत नाही. कारण त्या बंधूंच्या दवाखान्यात येणारे आणि त्यांना आपल्या समारंभाला बोलावणारे मुसलमान गावकरी त्या कथेत माणसे म्हणून वावरतात. तेलुगूतील ‘करुणामयुडु’ या १९७८ च्या ख्रिस्तचरित्रासमोर गावोगाव ख्रिस्ती आणि हिंदू प्रेक्षक एकत्र बसले, हेही याच कसोटीला उतरल्याचे लक्षण होय.

ही खुर्ची केवळ कल्पनेतली आहे असेही नाही. आपल्या चित्रपटसृष्टीचा जन्मच तीत झाला. १९११ च्या सुमारास मुंबईत ‘द लाइफ ऑफ ख्राइस्ट’ हा मूकपट पाहावयास त्र्यंबकेश्वरच्या शास्त्र्यांच्या घरातील एक गृहस्थ बसला होता. पडद्यावर ख्रिस्त सरकत असता आपल्या मनश्चक्षूंपुढे गोकुळ आणि अयोध्या उभी राहत होती, अशी हकीकत दादासाहेब फाळक्यांनी पुढे स्वतःच लिहून ठेवली आहे. त्या चित्रपटाने त्यांचे धर्मांतर केले नाही. एखाद्या प्रचारकाच्या अहवालात त्यांची नोंद व्हावी असे काही घडले नाही. आणि तरीही आपली श्रद्धा पडद्यावर आणण्याची आकांक्षा त्यांना तेथे लाभली, ज्यातून १९१३ चा ‘राजा हरिश्चंद्र’ निर्माण झाला. परक्याच्या भक्तीसमोर बसून त्यांना अपमान वाटला नाही, उलट आपली भक्ती आठवली. धार्मिक चित्रपटाच्या शुचितेला याहून मोठे प्रमाणपत्र कोणते मंडळ देणार?

तेव्हा वय पाहावे, रक्तपात पाहावा, ‘तसले’ काही आहे का हेही जरूर पाहावे. पण एवढ्यावर दाखला देऊन मोकळे होऊ नये. चित्रपट लावण्यापूर्वी घरातील वडीलधाऱ्यांनी आपल्या जुन्या प्रश्नाला आणखी एक प्रश्न जोडावा, आणि त्याचे उत्तर मुलांच्या देखत द्यावे: शेजारच्यांनाही बोलावू या का?