लगाम आणि रेषा

मेक्सिकोतील ‘चर्रेरिआ’ हा अश्वारोहणाचा व दोरफेकीचा पारंपरिक खेळ ज्या मैदानावर होतो त्यास स्पॅनिशमध्ये ‘लिएन्सो’ म्हणतात. चित्रकाराच्या कापडी फलकासही तीच संज्ञा आहे. हे शब्दसाम्य खेळ व चित्र यांच्या नात्याचा विचार करावयास लावते. गुरांच्या मळ्यांवरील नित्य कामातून हा खेळ जन्मास आला. २०१६ मध्ये युनेस्कोने त्यास मानवी सांस्कृतिक वारशाच्या यादीत स्थान दिले. त्यातील एका प्रकारात भरधाव घोडा आखलेल्या चौकटीत थांबवावयाचा असतो. येथे परीक्षा होते ती घोड्याच्या आज्ञाधारकतेची. हेसुस हेल्गेरा (१९१०–१९७१) यांच्या लोकप्रिय दिनदर्शिका-चित्रांतही हीच दृष्टी आढळते: घोडा हा स्वाराच्या रुबाबाचा एक भाग होय.

पंढरपूर येथे जन्मलेले मकबूल फिदा हुसेन यांची अश्वचित्रे याच्या नेमकी उलट वाटतात. इंदूरच्या बालपणी पाहिलेला मोहरमच्या मिरवणुकीतील दुलदुल आणि १९५२ च्या चीनभेटीत पाहिलेले तांगकालीन अश्व ही त्यांची प्रेरणास्थाने. त्यांच्या घोड्यांवर बहुधा स्वार नाही, लगामही नाही. ताणलेली मान आणि विस्फारलेल्या नाकपुड्या यांतून रेषाच वेग निर्माण करते. परंतु एवढ्यावरून हे घोडे मुक्त झाले असे मानणे घाईचे ठरेल. १९७५ मधील ‘लाइटनिंग’ या बारा फलकांच्या चित्रातील शुभ्र अश्व काँग्रेसच्या मेळाव्यासाठी रंगविले गेले. तेथे स्वार दिसत नाही. तथापि राजसत्तेच्या गौरवाचा अदृश्य लगाम त्यांच्या मुखी आहेच.

हा प्रश्न महाराष्ट्रास परका नाही. सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये बैलगाडा शर्यतींवर बंदी घातली, आणि २०२३ मध्ये घटनापीठाने राज्याचा सुधारित कायदा वैध ठरविला. या वादात जनावराची वेदना हाच मुख्य मुद्दा होता. यास्तव शर्यतीचे चित्र काढणाऱ्या कलावंतास केवळ उधळलेली धूळ आणि गुलाल रंगवून भागणार नाही. वेग हा प्रेक्षकांस आनंद असतो, बैलास मात्र तो श्रम असतो. त्या श्रमाची खूण ज्या रेषेत उमटत नाही ती रेषा कितीही चपळ असली तरी हाकणाऱ्याच्याच बाजूची होय. चित्रात लगाम काढला आहे की नाही, यापेक्षा तो कोणाच्या हाती आहे हे ओळखणे, हेच अशा कलाकृतींच्या समीक्षेचे पहिले कार्य ठरते.