खतावरील हत्ती

तळेगाव दाभाडे येथील एका स्नेह्यांच्या दिवाणखान्यांत नुकतेंच आम्हीं एक चित्र पाहिलें. जुन्या मुद्रांकित कागदावर, मोडी अक्षरांच्या ओळींवर, अंबारीचा एक डौलदार हत्ती रंगविलेला आहे. सोंडेवरील वेलबुट्टी, झुलीची सोनेरी किनार, माहुताच्या मुंडाशाचा पीळ, सारें कसें नेटकें! राजस्थानांतील कारागीर जुन्या दस्तऐवजांवर अशीं चित्रें काढून प्रवाशांस विकतात, आणि आतां तीं आपल्याकडील सुशिक्षितांच्या भिंतींवरही दिसूं लागलीं आहेत. ही संपत्तीवरील मार्मिक टीका आहे, असें आमच्या स्नेह्यांनीं कौतुकानें सांगितलें. ऐश्वर्याचा हत्ती, व त्याच्या पायाखालीं कवडीमोल झालेला कागद, असा त्यांचा अर्थ. आम्हांस तो पटला नाहीं.

मोडी आम्हांस थोडेंबहुत वाचतां येतें. चष्मा पुसून पाहिलें, तों तें कर्जखत निघालें. रकमेचा आंकडा हत्तीच्या पोटाखालीं गडप झाला होता. परंतु जमीन गहाण लिहून दिली आहे, एवढें स्पष्ट लागत होतें. खालच्या कोपऱ्यांत एक लहानशी आकृति होती. अर्धी हत्तीच्या मागल्या पायाखालीं, अर्धी चौकटीच्या पुठ्ठ्याखालीं. तो नांगर होता. लिहितां न येणाऱ्या कुणब्याच्या नांवापुढें सहीऐवजीं नांगराची निशाणी होत असे, हें जुनीं खतें चाळणारांस ठाऊक आहे. म्हणजे या कागदावरील पहिलें चित्र त्या कुणब्याचें. दुसऱ्या चित्रकारानें त्यावर पाय दिला, आणि तो कशावर दिला हें त्याला बहुधा कळलेंही नसावें. कारागिराला आम्ही दोष देत नाहीं. त्याला पोट आहे. दोष आहे तो या अजाणतेपणाला टीका म्हणणाऱ्या आपल्या रसिकतेचा.

कारण पुणें जिल्ह्यांत तरी अशा कागदाकडे केवळ शोभेची वस्तु म्हणून पाहतां येत नाहीं. १२ मे १८७५ रोजीं सुपें येथें कुणबी सावकारांवर उठले, व तें लोण पुणें आणि अहमदनगर या दोन्ही जिल्ह्यांत पसरलें. त्यांचा रोख माणसांच्या जिवावर फारसा नव्हता. त्यांना हवीं होतीं खतें, आणि हातीं लागलेलीं खतें त्यांनीं जाळलीं. पुढें १८७९ सालीं दक्षिणेंतील शेतकऱ्यांच्या कर्जनिवारणाचा कायदा झाला. खतावर काय लिहिलें आहे एवढ्यावर न थांबतां मूळ व्यवहार काय होता याचा शोध न्यायालयानें घ्यावा, अशी तजवीज त्यांत होती. दस्तऐवजावर चित्र काढणाऱ्यानेंही याहून कमी करूं नये, असें आम्हांस वाटतें. हें आम्ही त्रयस्थपणें लिहितों असें मात्र नाहीं. आमच्या पणजोबांच्या पेटींतही अशीं खतें होतीं, आणि ते धनकोच्या बाजूस होते.

मार्सेल द्यूशां या फ्रेंच कलावंतानें १९१९ सालीं आपल्या दंतवैद्याचें बिल हातानें रेखाटलेल्या धनादेशानें फेडलें, बँकही काल्पनिकच. १९२४ सालीं माँटे कार्लोच्या जुगारासाठीं त्यानें पांचशें फ्रँकांचे रोखे काढले, व त्यांवर साबणाच्या फेसानें शिंगें काढलेला स्वतःचाच चेहरा छापला. थट्टाच ती, पण कागदाला मोल येतें तें लोकांच्या विश्वासानें व एका सहीनें, हें मर्म तिनें अचूक पकडलें आहे. अर्थात् त्याच्या रोख्यापायीं कोणाचें शेत गेलें नाहीं, म्हणून त्याला हंसणें सोपें गेलें.

याच तळेगावीं पैसा फंडाच्या पैशापैशाच्या वर्गणींतून १९०८ सालीं कांचेचा कारखाना उभा राहिला. त्या पैशाचा हिशेब कोणी चित्रांत मांडील, तर तें चित्र निराळ्याच संपत्तीविषयीं बोलेल.

निघतांना आम्हीं स्नेह्यांना सुचविलें कीं, चौकटीचा पुठ्ठा खालून बोटभर कापून घ्यावा, म्हणजे निदान नांगराचा फाळ तरी दिसेल. त्यांनीं चित्राकडे बराच वेळ पाहिलें. पुठ्ठा कापला तर हत्ती मध्यभागीं राहणार नाहीं, असें ते म्हणाले.