‘गळकी बादली’ : एका पारिभाषिक रूपकाची चिकित्सा

पारिभाषिक संज्ञा एकार्थी असावी, हा परिभाषेचा पहिला दंडक होय. रूपकातून जन्मलेली संज्ञा तो किती सहज मोडते, याचे बोधप्रद उदाहरण संगणक-जालांच्या परिभाषेत आढळते.

१९९० च्या दशकात प्रचारात आलेल्या असिंक्रोनस ट्रान्स्फर मोड, म्हणजे एटीएम, जालांत माहिती ५३ बाइटांच्या सेलांत विभागून पाठविली जाते. जोडणीच्या वेळी ग्राहक व जाल यांच्यात करार होतो : सेलांचा कमाल वेग किती, सरासरी वेग किती आणि कमाल वेगाने सलग किती सेल पाठविता येतील. या अखेरच्या संख्येस आपण ‘कमाल झोत’ म्हणू. करार पाळण्यासाठी पाठविणारा आपले सेल थोपवून धरतो. हे प्रवाहाचे आकारण. करार मोडणारे सेल जाल टाकून देते किंवा त्यांवर खूण करते. ही प्रवाहावरील पहारेदारी. दोन्ही क्रिया ‘गळकी बादली’ या एकाच रूपकाने समजावल्या जातात.

जोनाथन टर्नर यांनी १९८६ साली हे रूपक मांडले, तेव्हा बादली हा केवळ गणक होता. प्रत्येक संदेशखंडाबरोबर पातळी चढते, काळाबरोबर ठरावीक गतीने उतरते; मर्यादा ओलांडणारा खंड नियमबाह्य. अँड्र्यू टॅनेनबाम यांच्या सुप्रसिद्ध पाठ्यपुस्तकात मात्र बादली ही रांग आहे. संदेशखंड स्वतःच तीत साठतात व समगतीने बाहेर पडतात. पहिल्या अर्थी गळतो तो हिशेब, दुसऱ्या अर्थी गळते ती माहिती. मराठीत तर ‘गळती’ म्हणजे नुकसान. त्यामुळे घोटाळा अधिकच वाढतो.

हा भेद केवळ शाब्दिक नाही. रांगेतून झोत बाहेर पडतच नाही. म्हणून रांगेचे चित्र मनात धरणारा विद्यार्थी बादलीचे माप आणि झोताचे माप एकच समजतो. समजा, कमाल वेग सेकंदास १००० सेल, सरासरी वेग १०० आणि गणकाची मर्यादा ९१ सेल आहे. कमाल झोत ९१ नव्हे, १०१ सेलांचा होतो. कारण तो जाण्यास लागणाऱ्या दशांश सेकंदात पातळी १० सेलांनी उतरते. करारात १०१ चा झोत पाहून आकारणाची बादलीही १०१ ची ठेवली, तर ११२ सेल सलग सुटतात आणि १०१ नंतरचे बहुतेक करारबाह्य ठरतात. एएएल-५ पद्धतीने १५०० बाइटांच्या एका पाकिटाचे ३२ सेल होतात. त्यांतील एक हरपला तरी उरलेले ३१ व्यर्थ जातात.

एटीएमचा प्रसार आता ओसरला आहे. परंतु हे रूपक अध्यापनात टिकून आहे. म्हणून ‘गळकी बादली’ ही संज्ञा गणकापुरतीच राखावी आणि रांगेस सरळ रांगच म्हणावे. रूपक समजुतीचे दार उघडते हे खरे. परंतु त्याने मोजमापाची जागा घेता कामा नये.